रायपूरचा भात आणि बहुराष्ट्रीय संशोधनाचा हिशेब

२००२ सालच्या हिवाळ्यात, भाताची कापणी उरकून खळी भरू लागण्याच्या दिवसांत, रायपूर शहरात एका सामंजस्य कराराच्या बातमीने मोठी खळबळ उडाली. रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आणि स्वित्झर्लंडमधील बाझल येथे मुख्यालय असलेली सिंजेंटा ही बहुराष्ट्रीय कंपनी यांच्यात संकरित भाताच्या संशोधनाविषयीची बोलणी बरीच पुढे गेली असल्याचे उघडकीस आले. कंपनीने पैसा आणि तंत्र पुरवावे, तयार होणाऱ्या वाणांच्या विक्रीतून विद्यापीठाला स्वामित्व शुल्क मिळावे, आणि त्या बदल्यात विद्यापीठाच्या ताब्यातील भाताच्या वाणांचा प्रचंड संग्रह कंपनीच्या संशोधकांना खुला व्हावा, असे या ‘सहकार्या’चे स्वरूप होते. शेतकरी संघटना, महिला संघटना, विद्यार्थी, विज्ञान चळवळीतील कार्यकर्ते आणि डावे पक्ष रस्त्यावर उतरले. कराराचा मसुदा जनतेपुढे आलेलाच नव्हता, त्यामुळे पहिली मागणी तो प्रसिद्ध करण्याची होती. डिसेंबरच्या पूर्वार्धातच कंपनीने माघार जाहीर केली आणि करार बारगळला.

या घटनेचे वर्णन बहुधा जनतेच्या विजयाची कथा म्हणून केले जाते, आणि तो विजय होता यात शंका नाही. परंतु तिच्या मुळाशी असलेला एक प्रश्न त्या जल्लोषात मागे पडला. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे याच कंपनीची स्वतःची अद्ययावत प्रयोगशाळा होती. एप्रिल २००२ मध्ये तिच्या शास्त्रज्ञांनी भाताच्या जपानी प्रकाराच्या जनुकसंचाचा आराखडा ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. संपूर्ण माहिती सार्वजनिक संग्रहात जमा न करता कंपनीच्या ताब्यात ठेवण्याची सवलतही तिने मिळवली होती, आणि त्यावरून जगभरच्या शास्त्रज्ञांत वाद झाला होता. भाताच्या जनुकांचे एवढे ज्ञान पदरी असलेल्या कंपनीला रायपूरच्या एका निधीटंचाईने गांजलेल्या विद्यापीठाच्या दारी का यावे लागले? आणि आल्यावर तिने येथे स्वतःची प्रयोगशाळा का उभारू नये, करारच का करावा?

प्रयोगशाळा कोठे आणि कशासाठी

मोठे भांडवल संशोधन कोठे करते, यामागे विज्ञानप्रेम नसते, तसेच केवळ दुष्टपणाही नसतो. त्यामागे हिशेब असतो. कॅनडात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ स्टीफन हायमर यांनी १९६० साली लिहिलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९७६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात दाखवून दिले की, परदेशात शाखा उघडणारी कंपनी मुख्यतः व्याजदरातील फरकामागे धावत नसते. आपल्या हाती असलेल्या खास शक्तीवरचे नियंत्रण सोडावयाचे नसते म्हणून ती स्वतः परदेशात जाते. पुढे त्यांनी असेही मांडले की कंपनीच्या आतील उतरंड जगाच्या नकाशावर उमटत जाते. निर्णय घेणारे मोजक्या महानगरांत राहतात आणि हातांची कामे दूरदूरच्या देशांत पसरतात. संशोधन हे या उतरंडीत वरच्या मजल्यावरचे काम. ते खाली उतरते तेव्हा त्याला काही सबळ कारण असते.

महाराष्ट्राला याचा अनुभव जुना आहे. मुंबईत गोरेगाव येथे सिबा या स्विस कंपनीचे संशोधन केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते आणि टी. आर. गोविंदाचारी यांच्यासारखा नामवंत रसायनशास्त्रज्ञ त्याचा संचालक होता. मुलुंडला हेक्स्ट या जर्मन कंपनीचे केंद्र १९७२ मध्ये उभे राहिले. तेथील भारतीय शास्त्रज्ञांनी भारतीय वनस्पतींची पद्धतशीर तपासणी केली आणि कोलियस या वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन हे द्रव्य वेगळे काढले. पेशींमधील संदेशवहनाच्या अभ्यासात आज जगभर ते वापरले जाते. हे काम खरे होते, उच्च दर्जाचे होते, आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

पण ही केंद्रे कोणत्या काळात बहरली हे पाहिले पाहिजे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांवरील वस्तू-पेटंट नाकारले. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी भागभांडवलावर मर्यादा आणली आणि उच्च तंत्रज्ञान आणणाऱ्यांनाच तीतून सूट ठेवली. १९७८ च्या औषध धोरणाने मोठी उलाढाल असलेल्या परदेशी औषध कंपन्यांना देशातच संशोधनाची सोय करण्याची आणि उलाढालीच्या किमान ४ टक्के रक्कम संशोधनावर खर्च करण्याची अट घातली. सरकारच्या हातात जेव्हा दंडुका होता तेव्हा संशोधन वरच्या मजल्यावरून खाली उतरले. पुढे जागतिक फेररचनेची लाट आली. गोरेगावचे केंद्र बंद झाले; मुलुंडचे केंद्र १९९८ मध्ये एका भारतीय औषध कंपनीला विकले गेले. ज्या शास्त्रज्ञांनी ऐन उमेदीची वर्षे तेथे घालवली, त्यांचे मत या निर्णयांत कोणी विचारले नव्हते. बंगळूरच्या अॅस्ट्राझेनेकाच्या केंद्रात क्षयावर मौलिक संशोधन होत असे. २०१४ मध्ये मुख्यालयाने ते संशोधनही आवरते घेण्याचा निर्णय केला, तेव्हा हाच अनुभव पुन्हा आला. आणि हा न्याय केवळ गरीब देशांनाच लागू होतो असे नव्हे: भाताचा जनुकसंच वाचणारी सॅन दिएगोची ती प्रयोगशाळासुद्धा २००२ च्या अखेरीस, म्हणजे रायपूरचा करार कोसळत होता त्याच सुमारास, बंद करण्याचे सिंजेंटाने ठरवले.

कंपनी परदेशात संशोधन करते ते तीनपैकी एका गोष्टीच्या ओढीने. कोठे बाजार असतो, तेथे माल स्थानिक गरजेला जुळवून घेण्यापुरती लहानशी प्रयोगशाळा पुरते. कोठे कमी पगारात उत्तम शिकलेले मनुष्यबळ असते, तेथे शेकडो शास्त्रज्ञांची केंद्रे उभी राहतात. बंगळूर, हैदराबाद, पुणे ही त्याची उदाहरणे, आणि गोव्यात करळी येथे याच सिंजेंटाचे रसायन संशोधनाचे केंद्र आहे तेही त्याच जातीचे. या दोन्ही ठिकाणी कंपनी भिंती स्वतःच्या बांधते, कारण आत जे घडते ते बाहेर जाऊ नये ही तिची पहिली काळजी असते. परंतु तिसरी गोष्ट अशी असते की जी भिंत बांधून मिळत नाही आणि पगार देऊन निर्माण करता येत नाही. ती अगोदरच कोणाच्या तरी ताब्यात असते, आणि तो ताबेदार बहुधा सरकारी असतो. अशा ठिकाणी कंपनी मालक म्हणून न येता भागीदार म्हणून येते. रायपूरला ती भागीदार म्हणून आली होती.

वीस हजार रुपयांतला खजिना

रायपूरचा हा खजिना जमला कसा, याची हकिकत भारतीय विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत उद्बोधक आणि तितकीच लाजिरवाणी आहे.

डॉ. आर. एच. रिछारिया हे १९५९ मध्ये कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले. १९६० मध्ये फोर्ड आणि रॉकफेलर प्रतिष्ठानांच्या पैशातून फिलिपिन्समध्ये लॉस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. इमारती झाल्या, यंत्रे आली, अमेरिकन संचालक रॉबर्ट चँडलर आले. परंतु भाताचे वाण मात्र इमारतीबरोबर येत नाहीत. ते आशियातील शेतकऱ्यांच्या कणग्यांत आणि कटकसारख्या राष्ट्रीय संस्थांच्या संग्रहांत होते. कटकचा संग्रह लॉस बान्योसला द्यावा असा दबाव आला. रिछारिया यांनी विरोध केला. परदेशातून येणारे बुटके वाण पुरेशी तपासणी न करता देशभर पेरले तर त्यांच्याबरोबर रोग आणि किडी येतील, असा त्यांचा शास्त्रीय आक्षेपही होता. परिणाम असा झाला की, त्याच दशकाच्या उत्तरार्धात त्यांना सक्तीने सेवानिवृत्त करण्यात आले. ते न्यायालयात गेले, वर्षानुवर्षे लढले, आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. तोवर कटकच्या संस्थेची दिशा मात्र बदलून गेली होती.

१९७० च्या दशकात मध्य प्रदेश सरकारने त्यांना सल्लागार म्हणून बोलावले आणि रायपूर येथे मध्य प्रदेश भात संशोधन संस्था उभी राहिली. क्लॉड अल्वारिस यांनी मार्च १९८६ मध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली’त लिहिलेल्या गाजलेल्या लेखानुसार या संस्थेचा वार्षिक खर्च सुमारे २०,००० रुपये होता, आणि मनुष्यबळ म्हणजे दोन कृषी सहायक व सहा ग्रामसेवक. एवढ्या तुटपुंज्या साधनांवर रिछारिया आणि त्यांचे सहकारी छत्तीसगडच्या मैदानापासून बस्तर-सरगुजाच्या डोंगरांपर्यंत हिंडले आणि १९,००० हून अधिक वाण गोळा केले. केवळ गोळा केले नाहीत, तर लावून पाहिले, जोपासले, त्यांचे गुणधर्म टिपून ठेवले: कोणता वाण साठ-सत्तर दिवसांत येतो, कोणता खोल पाण्यात तग धरतो, कोणता भाठा जमिनीवर एका पावसावर निभावतो, कोणाचा दाणा सुगंधी, कोणाची लाही उत्तम, कोणता वाण बाळंतिणीला देतात.

या मेहनतीतून एक निष्कर्ष निघाला, आणि तोच कदाचित सर्वांत अडचणीचा ठरला. या देशी वाणांपैकी आठ-नऊ टक्के वाण मुळातच अधिक उत्पादन देणारे, हेक्टरी ३,७०० किलोच्या वर जाणारे, असल्याचे रिछारिया यांना आढळले. टक्केवारी लहान वाटेल. पण १९,००० च्या आठ-नऊ टक्के म्हणजे दीड हजारांच्या घरात जाणारे वाण. परदेशी बुटक्या वाणांवाचून आणि त्यांच्या मागोमाग येणाऱ्या खत-औषधांवाचून उत्पादन वाढूच शकत नाही, या त्या काळच्या अधिकृत सिद्धांताला हा पुरावा सोयीचा नव्हता. वाण ज्या मुलखातला त्याच मुलखात लहान-लहान केंद्रांतून, शेतकऱ्यांच्या सहभागाने जपावा आणि सुधारावा, अशी विकेंद्रित योजना त्यांनी मांडली.

१९७८ मध्ये ही संस्था बंद करण्यात आली. जागतिक बँकेच्या साह्याने जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठामार्फत भात संशोधनाचा मोठा कार्यक्रम येणार होता. एकाच कामासाठी दोन संस्था नकोत, असे कारण पुढे झाले. कोट्यवधींच्या मदतीपुढे वीस हजारांची संस्था कशी टिकणार? संग्रह विद्यापीठाकडे गेला, नोंदवह्या गेल्या, रिछारिया बाहेर राहिले. १९८३ च्या सुमारास इंदिरा गांधींनी त्यांच्याकडून भाताच्या उत्पादनवाढीची कृतियोजना मागवली. त्यांनी ती लिहून दिली. ती कागदावरच राहिली. १९८७ मध्ये रायपूरला स्वतंत्र कृषी विद्यापीठ झाले आणि संग्रह पुन्हा रायपूरच्या मालकीचा झाला. रिछारिया १९९६ मध्ये निवर्तले. आज त्याच विद्यापीठातील एका संशोधन प्रयोगशाळेला त्यांचे नाव आहे. हयातीत ज्यांना दारे बंद केली जातात, त्यांचे नाव मृत्यूनंतर दारावर लावण्याची रीत या देशात जुनीच आहे.

एका नमुन्याची किंमत

हजारो वाणांच्या संग्रहाला एवढे महत्त्व का, अशी शंका शहरी वाचकाला येईल. एका उदाहरणाने ती फिटावी. १९७० च्या दशकात आशियातील नव्या बुटक्या भातावर खुरटा रोगाचा विषाणू तुटून पडला. लॉस बान्योसच्या संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती एकाच नमुन्यात, आणि तोही लागवडीचा भात नव्हता: ओरायझा निवारा हा रानटी भात, १९६३ मध्ये उत्तर प्रदेशात गोळा केलेला. त्या एका नमुन्यातील गुण १९७६ साली प्रसारित झालेल्या आयआर ३६ या वाणात उतरवला गेला आणि हा वाण पुढे जगात कोट्यवधी एकरांवर पेरला गेला. ज्या शेताच्या बांधावरून वा डबक्याच्या काठावरून ते रोपटे उचलले त्या गावाला याचा पत्ताही नसेल.

म्हणजे संग्रहाची किंमत आधी ठरवता येत नाही. सहा हजारांत एक निघतो. तो कोणता हे अगोदर कोणालाच ठाऊक नसते, कंपनीलाही नाही आणि विद्यापीठालाही नाही. अशा मालाच्या व्यवहारात ‘तयार वाणाच्या विक्रीवर स्वामित्व शुल्क’ ही अट वरवर न्याय्य दिसते, पण ती एकाच बाजूला झुकलेली असते. तपासणीची क्षमता ज्याच्याजवळ आहे त्याला संग्रहातून काय मिळाले हे कळते. ज्याच्याजवळ ती नाही त्याला हिशेबासाठी दुसऱ्याच्या वहीवर विसंबावे लागते. शिवाय जनुक सापडले की ते छत्तीसगडच्या भातातच राहील असे नाही. ते मक्यात जाईल, दुसऱ्या खंडात जाईल, पेटंटच्या कागदात जाईल. रायपूरच्या विद्यापीठाने त्याचा माग कोठवर काढावा?

आणि या व्यवस्थेतील खरी हातचलाखी खर्चाच्या खात्यात आहे. संग्रह जमवण्याचा खर्च जनतेने केला; शेकडो पिढ्या वाण निवडण्याची मेहनत शेतकऱ्यांनी, विशेषतः बी राखणाऱ्या बायकांनी केली; शास्त्रज्ञांचे पगार सरकारने दिले. कंपनीने स्वतःची प्रयोगशाळा येथे बांधली असती तर जोखीम तिची असती. करारात जोखमीचा मोठा भाग विद्यापीठाकडे आणि फळाचा मोठा भाग कंपनीकडे जातो. परदेशातील संशोधन ‘कसे’ संघटित करावे या प्रश्नाचे याहून स्वस्त उत्तर भांडवलाला सापडणे कठीण होते.

करार हुकला म्हणून प्रश्न सुटला काय?

कराराच्या समर्थकांचा एक युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नव्हता. विद्यापीठाजवळ पैसा नाही, हजारो वाण दर काही वर्षांनी लावून ताजे करावे लागतात, शीतगृहाची वीज गेली तर बियाणे मरते. पडून सडण्यापेक्षा कोणाच्या तरी उपयोगी पडले तर काय बिघडले, असे ते विचारीत. हा प्रश्न खरा आहे आणि निषेधाच्या मोर्चाने त्याचे उत्तर दिले जात नाही. कंपनी परत गेली म्हणून विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात भर पडली नाही. सार्वजनिक संशोधनाला उपाशी ठेवणारे सरकार आणि त्या उपासमारीचा लाभ उठवणारे भांडवल ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. एकाला विरोध करून दुसऱ्याकडे डोळेझाक करणे परवडत नाही.

उपासमारीतून काय होते याचा दुसरा नमुना धारवाडचा. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी स्थापलेल्या जालन्याच्या महिकोत १९९८ मध्ये मोन्सँटोने २६ टक्के भाग घेतला, आणि २००२ च्या मार्चमध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. त्यानंतरचे पाऊल बीटी वांग्याचे होते. यासाठी अमेरिकन सरकारच्या साह्याने चाललेल्या एका प्रकल्पात धारवाड आणि कोइमतूरची कृषी विद्यापीठे सामील झाली आणि स्थानिक वांग्यांचे वाण त्यात वापरले गेले. फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने बीटी वांग्याला स्थगिती दिली. स्थानिक वाण परवानगीवाचून वापरल्याबद्दल कायदेशीर कारवाई करण्याचा निर्णय राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने २०११ मध्ये घेतला. रायपूरमध्ये जे दारातून व्हावयाचे राहिले, ते अन्यत्र परसदारातून होत होते.

हे प्राधिकरण ज्या कायद्याखाली आले तो जैवविविधता कायदा संसदेने रायपूरच्या आंदोलनाच्याच महिन्यात, डिसेंबर २००२ मध्ये, मंजूर केला. त्याआधी २००१ मध्ये पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा झाला होता. परकीय कंपनीला भारतीय जैवसंपत्ती वापरावयाची तर आधी परवानगी, लाभात वाटा, आणि उल्लंघन केल्यास तुरुंगवासाचीही तरतूद, असा हा कायदा होता. २०२३ च्या दुरुस्तीने तुरुंगवास काढून टाकला आणि केवळ दंड ठेवला. पूर्वी भागभांडवलात किंवा व्यवस्थापनात परकीय सहभाग असलेली कोणतीही कंपनी या कक्षेत येत असे; आता परकीयांचे नियंत्रण असलेलीच येते. जालन्याचे उदाहरण आठवावे: २६ टक्के भागाला नियंत्रण म्हणावे की नाही, यावर वकील मंडळी खुशाल वाद घालोत. कायद्याच्या पहिल्या मसुद्याला मात्र असल्या वादाची गरज नव्हती.

दरम्यान कंपनीचे मालकही बदलले. २०१७ मध्ये केमचायना या चिनी सरकारी कंपनीने सिंजेंटा सुमारे ४३ अब्ज डॉलरला विकत घेतली. काही भोळ्या मंडळींना यावरून कंपनीचा स्वभाव बदलेल असे वाटले असेल. मुख्यालय बाझललाच राहिले, बाजारपेठा त्याच राहिल्या, पेटंटे तीच राहिली. मालकीचा दाखला एक गोष्ट आहे आणि ज्ञानावर कोणाचा हक्क ही दुसरी.

याहूनही मोठा बदल तंत्रात झाला. भाताच्या तीन हजारांवर वाणांचे जनुकसंच वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प पूर्ण झाला असून ती माहिती संगणकावर उपलब्ध आहे. आज एखाद्या कंपनीला रायपूरहून बियाण्याची पिशवी न्यावी लागत नाही. क्रमवार माहिती तारेवरून जाते आणि तिला सीमाशुल्काचे नाके लागत नाही. या माहितीच्या वापरातून होणाऱ्या नफ्यातील वाटा मोठ्या कंपन्यांनी एका जागतिक निधीत द्यावा, असे २०२४ मध्ये कोलंबियातील काली येथे झालेल्या जैवविविधता परिषदेत ठरले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निधी सुरू झाला. पण हे देणे ऐच्छिक आहे. मोठ्या भांडवलाने ऐच्छिक देणी कितपत दिली, याचा इतिहास फार उत्साहवर्धक नाही.

चंद्रपूरचा शेतकरी

संशोधन म्हणजे केवळ प्रयोगशाळेतील पांढऱ्या अंगरख्यांचे काम, ही समजूत या वादात दोन्ही पक्षांत आढळली. रायपूरच्या बाजारात आज जो बारीक तांदूळ ‘एचएमटी’ नावाने सर्रास विकला जातो, तो कोणा बहुराष्ट्रीय कंपनीचा नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक दलित शेतकऱ्याने १९८३ च्या सुमारास आपल्या शेतातील पटेल-३ या वाणात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या बाजूला ठेवल्या, वर्षानुवर्षे निवडून लावल्या आणि एक नवा वाण उभा केला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या एचएमटी घड्याळाचे नाव त्याला पडले. हा वाण विदर्भातून छत्तीसगड, आंध्र असा पसरला. १९९४ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने शुद्ध केलेला वाण प्रसारित केला. पुढे मानसन्मान मिळाले, परंतु दारिद्र्य सुटले नाही. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्राम येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले, तेव्हा वर्तमानपत्रांना त्यांची आठवण झाली.

हा अन्याय करणारी संस्था परकीय नव्हती, सार्वजनिकच होती. म्हणून ‘परकीय कंपनी नको, विद्यापीठ हवे’ एवढ्यावर थांबणाऱ्यांना खोब्रागड्यांच्या आयुष्याकडे पाहावे लागेल. रायपूरच्या संग्रहातील सुमारे २३,००० नमुन्यांपैकी प्रत्येक नमुना कोणा ना कोणाच्या हातून आला. वाण कोठून आला ते वहीत असते. तो राखणाऱ्या हाताचे नाव तिच्यात क्वचितच सापडते.

तरीही सार्वजनिक संशोधन काय करू शकते याचे उत्तर रायपूरनेच दिले आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर विद्यापीठाने जे काम हाती घेतले, त्यात संग्रहातील गठुवन, महाराजी आणि लायचा या पारंपरिक वाणांत कर्करोगाच्या पेशींना रोखणारे गुणधर्म असल्याचे प्रयोगशाळेतील चाचण्यांत दिसून आल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. गठुवन भात सांधेदुखीवर द्यावा हे बस्तरच्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होतेच. पेशींवरील चाचणी म्हणजे औषध नव्हे, आणि पुढचा टप्पा खर्चाचा व वर्षांचा आहे. नेमक्या याच टप्प्यावर पैशाच्या थैल्या घेऊन कोणी पुन्हा दाराशी येईल, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. त्या वेळी करार कोणत्या अटींवर होईल, तो आधी कोणाला दाखवला जाईल, आणि गठुवन राखणाऱ्या गावांचा त्यात आवाज असेल काय, हे विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाने बंद खोलीत ठरवावयाचे नसते.

याच सहकार्यातून दुबराज या सुगंधी वाणाचा प्रश्नही हाताळला गेला. जुना दुबराज उंच वाढतो, वाऱ्यात लोळतो आणि उशिरा पिकतो, म्हणून शेतकरी तो सोडून देऊ लागले होते. तुर्भ्यात बियाण्यावर किरणोत्साराचा प्रयोग करून बुटका आणि लवकर येणारा दुबराज निवडण्यात आला. सफरी-१७ या जुन्या वाणापासून ‘विक्रम टीसीआर’ तयार झाला. त्यासाठी कोणाच्याही पेटंटची गरज लागली नाही, आणि बियाणे शेतकऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. संकरित बियाण्याच्या बाबतीत ते शक्य नसते, आणि सिंजेंटाला रायपूरमध्ये हवा होता तो संकरित भातच. मूळच्या नगरी दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते मानांकन धमतरी जिल्ह्यातील नगरी भागातल्या, दुबराज पिकवणाऱ्या महिलांच्या एका बचत गटाच्या नावावर आहे.